‘पळपुटा’ : एका विशेषणाचा इतिहास

‘भ्याड’ आणि ‘पळपुटा’ ही विशेषणे समानार्थी मानली जात असली, तरी त्यांची अर्थक्षेत्रे भिन्न आहेत. ‘भिणे’शी नाते सांगणारा ‘भ्याड’ मनोवृत्तीचा निर्देश करतो. ‘पळपुटा’ दृश्य कृतीचा. मात्र पळणारा प्रत्येक जण पळपुटा ठरत नाही. हे विशेषण कोणाला चिकटते, हा म्हणूनच इतिहासदृष्टीचा प्रश्न आहे.

ठाणे-वसई परिसराशी निगडित दोन पलायने या संदर्भात उद्बोधक आहेत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्याचा भाऊ विठोजी यास आदल्याच वर्षी हत्तीच्या पायी देवविणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाचे भय निराधार नव्हते. कोकणमार्गे तो वसईस गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये जिंकून घेतलेली वसई आता परावलंबनाची खूण ठरली.

दुसरे पलायन बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याचे. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तेथून निसटला. मोतद्दाराने गाण्यातून बेत कळवला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी उमगले नाही, ही कथा बिशप हेबरनेही नोंदवली आहे. लोकस्मृतीत हे पलायन चातुर्याचे ठरले. शिवाजी महाराजांच्या १६६६ मधील आग्र्याच्या प्रसंगाला तर आपण ‘सुटका’च म्हणतो.

तात्पर्य, शत्रूच्या कैदेतून निसटणारा सुटतो. उत्तरदायित्व टाकून जाणारा पळतो. ‘पळपुटा’ या शब्दात धैर्याच्या अभावापेक्षा कर्तव्यच्युतीचा आरोप प्रबळ आहे आणि तेवढ्यापुरता तो न्याय्यही आहे. परंतु हेच विशेषण पुढे कारणमीमांसेची जागा घेते, तेव्हा अडचण सुरू होते. शिंदे-होळकरांचे वैर, १८०३ मध्ये भोसले आणि शिंदे यांनी इंग्रजांशी केलेले स्वतंत्र तह, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला याच बाजीरावाच्या फौजेने दिलेली लढाई, हे सारे त्या एका शब्दाआड जाते. राज्य बुडाल्याचा दोष एका माणसाच्या स्वभावावर टाकता येतो आणि उरलेल्यांची मुक्तता होते. त्यांच्यासाठी मात्र भाषेने असे विशेषण घडवलेले नाही.