सेकोची शस्त्रक्रिया

१९५३च्या सुमारास ब्लांपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचे ‘सबमरिनर’ ही पाणबुड्यांची घड्याळे आली, पाठोपाठ नकलाही. हौशी कारागिरांचे खरे लाडके मात्र जपानी ठरले: १९९६चे सेको एसकेएक्स००७, २०० मीटरपर्यंत टिकणारे आणि खिशाला परवडणारे.

त्याच्या ७एस२६ यंत्राला हाताने किल्ली देता येत नसे. वेळ लावताना सेकंदकाटाही थांबत नसे. काटेकोर माणसाला हा छळच!

मग हौशींनी या दोन्ही सोयी असलेले सेकोचेच एनएच३६ यंत्र आत बसवले. किल्लीची खुंटी चारच्या आकड्याजवळ असल्याने तारीख-वाराच्या चकत्या जुन्याच ठेवायच्या, नाहीतर खिडकीत अक्षरे तिरपी येतात. पुढे काच, काटे, काचेभोवतीचे कडे म्हणजे बेझल, सगळेच बदलू लागले.

घड्याळ अस्सल असो वा नकली, एकदा झाकण उघडले की रबरी रिंग तपासून दाबाची चाचणी केल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नये.