थंडीआधी घर तयार कोणी ठेवायचं?

समजा, तुम्ही न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या घरात राहता. १ ऑक्टोबर उजाडला की तुमच्या घरमालकावर एक कायदेशीर जबाबदारी सुरू होते आणि ती ३१ मेपर्यंत टिकते. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या (साधारण १३ अंश सेल्सिअसच्या) खाली गेलं, तर घरात किमान ६८ अंश, म्हणजे २० सेल्सिअस, असायलाच हवेत. रात्री १० नंतर बाहेर कितीही तापमान असो, आत किमान ६२ अंश, म्हणजे जेमतेम १७ सेल्सिअस. तेवढी ऊब नसेल तर ३११ या क्रमांकावर तक्रार करायची. शहराचा निरीक्षक येऊ शकतो, मालकाला दंड होऊ शकतो. म्हणून शहाणा मालक सप्टेंबरातच कामाला लागतो. बॉयलर तपासून घेतो, धुरांडं साफ करतो, रेडिएटरच्या झडपा बघतो, खिडक्यांच्या फटी बुजवतो.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? भाडं घेतो तर एवढं करायलाच हवं. पण ही गोष्ट कायम अशी नव्हती. भाडेकरूच्या घरातली थंडी ही मालकाची जबाबदारी कधी आणि का झाली, हा माझ्या संशोधनातला एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला मालकांच्या चांगुलपणात सापडत नाही. ते सापडतं तळघरात.

आधी एकोणिसाव्या शतकात जाऊ. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ साली बांधलेली इमारत आहे. आज तिथे संग्रहालय आहे. आपल्याकडच्या चाळीशी नातं सांगणाऱ्या या इमारतींना टेनेमेंट म्हणत. १९०० च्या सुमारास शहरातली जवळजवळ दोन-तृतीयांश माणसं अशा इमारतींत राहत होती. इथे हिवाळ्याची तयारी मालक करत नसे. ती भाडेकरूच करत. स्वयंपाकघरात एक लोखंडी शेगडी असे. तिच्यावर स्वयंपाक, तिच्यावरच आंघोळीचं पाणी, आणि घरात जी काय ऊब असेल तीही तिचीच. कोळसा विकत आणायचा, जिना चढून वर न्यायचा, राख खाली टाकायची. पैसे संपले की शेगडी थंड. मालकाने चार भिंती दिल्या. त्यांच्या आतला ऋतू ज्याचा त्याने सांभाळायचा.

कायदे नव्हते असं नाही. १८६७, १८७९ आणि १९०१ साली टेनेमेंटसाठी कायदे झाले. आगीतून सुटण्याचे जिने, संडास, प्रत्येक खोलीला खिडकी, चौकाची किमान रुंदी या गोष्टींवर त्यांत भर होता. म्हणजे उजेड, हवा आणि आग यांची काळजी सरकारला वाटत होती. थंडी मात्र भाडेकरूची खासगी बाब राहिली.

मग बदललं काय? तंत्र बदललं. शतक पालटताना मध्यमवर्गासाठी नव्या अपार्टमेंट इमारती उभ्या राहू लागल्या. त्यांच्या तळघरात एकच मोठा बॉयलर असे. कोळसा तळघरात साठवायचा, पाणी तापवून वाफ करायची आणि ती नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत सोडायची. भाडेकरूची राख-कोळशातून सुटका झाली. ऊब भाड्यातच धरलेली असे. सोय फार मोठी होती, पण तिच्यासोबत एक गोष्ट गुपचूप घडली: विस्तव भाडेकरूच्या हातातून निघून गेला. शेगडी असताना गारठलात तर दोन निखारे वाढवता येत. आता रेडिएटर गार पडला तर नळी बडवण्यापलीकडे तुम्ही काय करणार? तळघराची किल्ली मालकाकडे.

या व्यवस्थेची परीक्षा १९१७-१८ च्या हिवाळ्यात झाली. महायुद्ध चालू होतं, रेल्वेमार्ग तुंबले होते, कोळसा मिळेना. अशातच ३० डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कचा पारा उणे १३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे २५ सेल्सिअसपर्यंत उतरला. जानेवारीत संघराज्याचे इंधन प्रशासक हॅरी गारफील्ड यांनी कोळसा वाचवण्यासाठी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे कारखाने पाच दिवस बंद ठेवायचा आदेश काढला, आणि पुढे सोमवारीही बंद. घराघरांत रेडिएटर गार होते. भाडेकरू म्हणाले, ऊब भाड्यात धरली होती ना? मग पूर्ण भाडं कशाचं? काहींनी भाडं अडवून धरलं. मालक म्हणाले, कोळसाच मिळत नाही, मिळतो तो परवडत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पण कुडकुडत होती ती एकच बाजू.

यातून शहराच्या आरोग्यविषयक नियमांमध्ये जे कलम आलं, ते मला फार बोलकं वाटतं. ज्याने घर उबदार ठेवायचं कबूल केलंय, त्याने ते किमान ६८ अंशांवर ठेवावं, एवढंच म्हणून ते थांबत नाही. पुढचा मुद्दा खरा महत्त्वाचा: इमारतीचा बॉयलर मालकाच्या ताब्यात असेल आणि करारात उलट काही म्हटलेलं नसेल, तर त्याने ऊब द्यायचं कबूल केलंच आहे असं धरलं जाईल. बघा, इथे मालकाने शब्द दिला होता का, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की किल्ली कोणाकडे आहे? आणि १९२० मध्ये राज्याच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं: द्यायची ठरलेली ऊब किंवा पाणी मालकाने मुद्दाम तोडलं, तर तो गुन्हा.

या नियमातली पळवाटही तिथेच दिसते. ज्यांच्या तळघरात बॉयलरच नव्हता, त्या जुन्या इमारतींतले भाडेकरू बाहेर राहिले. म्हणजे सगळ्यात गरीब माणसं. गरम पाणी नाही, रेडिएटर नाही, अशी घरं न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकापर्यंत टिकून होती. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटच्या मालकाने तर १९३५ साली नव्या नियमांप्रमाणे सुधारणा करण्याऐवजी वरचे मजले रिकामे करून टाकले. जबाबदारी लादली की घर सुधारतंच असं नाही. कधी कधी घरच बंद होतं.

आता मुंबईकडे येऊ, कारण तारीख जुळते. महायुद्धातल्या टंचाईत १९१८ सालीच मुंबईतही पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. आपल्याकडे थंडीने घर परीक्षेला बसत नाही. बसतं ते पावसाने. गावाकडे मृगाआधी कौलं शाकारतात, ते घर आपलं असतं म्हणून. चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने काय शाकारायचं? छप्पर मालकाचं, गळती मात्र भाडेकरूच्या अंथरुणावर. १९४७ च्या आणि नंतर १९९९ च्या भाडे कायद्याने दुरुस्ती मालकावर टाकली. मालकाने नाही केली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. जिथे भाडं दशकानुदशकं गोठलेलं, तिथे चौथा हिस्सा म्हणजे किती? त्यात ताडपत्रीसुद्धा येत नाही. मग १९६९ मध्ये उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं, आणि आजही म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते.

दोन शहरं, दोन ऋतू, पण पेच एकच. जे भाडेकरूच्या हातात नाही त्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व दोन्हीकडे मान्य झालं. त्याचा खर्च कोण देणार, हे मात्र दोन्हीकडे अर्धवट राहिलं. न्यूयॉर्कमध्ये कायद्याने निदान मोजायला एक आकडा दिला, ६८ अंश. भिंतीवर थर्मामीटर लावला की कोण चुकलं ते कळतं. गळतीसाठी असा आकडा नाही. ‘राहण्यायोग्य दुरुस्ती’ म्हणजे नेमकं काय, यावर वाद घालत वर्षं जातात आणि पाऊस काही थांबत नाही.

म्हणून पुढच्या वेळी भाडेकरार हातात आला, तर रक्कम आणि मुदत वाचून थांबू नका. पाण्याच्या टाकीचा पंप, गच्चीची किल्ली, विजेचं मुख्य बटण, यांतलं काय कोणाच्या ताब्यात आहे, त्याची एक यादी करा. जे तुमच्या हातात नाही, ते ऋतू बदलायच्या आत कोण बघणार, हे करारात लिहून घ्या. न्यूयॉर्कच्या भाडेकरूंना हा प्रश्न विचारायला उणे २५ अंशांची रात्र लागली होती.