प्लेगचा धडा आणि दिवेआगरचे दोन दिवस

शाळेत मी तीस वर्षे १८९७ चा पुण्याचा प्लेग शिकवला. घरांच्या झडत्या, रँड, २२ जूनचा गोळीबार. फळ्यावर सनावळी लिहायची आणि पुढे जायचे. साथरोग कायदाही त्याच सालचा. २०२० च्या मार्चमध्ये तोच कायदा आमच्या दाराशी आला! दुधाच्या पिशव्या साबणाने धुणे, जिन्यात शेजारी दिसला की भिंतीला चिकटणे. (हिने तर पेपरही बंद केला.)

२ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागेना. दिवाळीनंतर मुलगा आम्हा दोघांना दोन दिवस दिवेआगरला घेऊन गेला. समुद्र होता तसाच, पण ३ जूनच्या निसर्ग वादळाने सुपारीच्या बागा आडव्या केलेल्या. घरमालकीणबाईंनी ताटे ओटीवर ठेवली आणि दारातूनच विचारले, "पुण्याचे ना तुम्ही?" आवाजात राग नव्हता, भीती होती.

प्लेगात माणसे पुणे सोडून गेली, हे मी शिकवत असे. ती जिथे गेली तिथल्यांना काय वाटले असेल, हे एकाही मुलाने विचारले नाही. मलाही सुचले नाही.

जेवून ताटे आम्हीच विसळली. निघताना बाईंनी पायरीवर थोड्या सुपाऱ्या ठेवल्या, उभ्या राहिलेल्या झाडांच्या.