मन उघडणारें औषध आणि त्याच्या परीक्षकांची परीक्षा

एखाद्या औषधाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तें कोणी शोधलें व कोणत्या रोगावर लागू पडलें एवढें सांगितलें कीं काम भागतें, असा सामान्य समज आहे. आज ज्या औषधाविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या बाबतींत तेवढ्यानें भागत नाहीं. द्रव्य तेंच, पण एका इस्पितळांत तें घेऊन दारूच्या आहारीं गेलेला मनुष्य दारू सोडतो, दुसऱ्या इस्पितळांत तेंच घेऊन त्याच्यांत कांहीं फरक पडत नाहीं, आणि तिसऱ्या ठिकाणीं तें नकळत पोटांत गेल्यावर नवव्या दिवशीं एक शास्त्रज्ञ मृत्युमुखीं पडतो. हें द्रव्य म्हणजे एल. एस. डी. त्याच्या जातीच्या सर्व द्रव्यांस सायकेडेलिक असें म्हणतात. मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. वैद्यकाचा मला अधिकार नाहीं. परंतु साक्षीदार कोण, त्यानें काय पाहिलें आणि काय सांगावयाचें टाळलें, हें विचारणें इतिहासाच्या शिक्षकाचें कामच आहे. आणि या औषधाच्या कथेंत तोच प्रश्न पदोपदीं उभा राहतो.

आपल्याकडे बाजरीच्या कणसांवर अरगट नांवाचा रोग पडतो, तो शेतकऱ्यांस चांगला ठाऊक आहे. त्याच कुळांतील एक बुरशी युरोपांत राय नांवाच्या धान्यावर वाढते. ती पिठांतून पोटांत गेल्यामुळें मध्ययुगांत गांवेंच्या गांवें आजारी पडत; हातापायांची आग होई, बोटें काळीं पडून झडत, कित्येकांस भ्रम होई. 'संत अँथनीचा अग्नि' असें त्या रोगाचें नांव. आणि तीच बुरशी सुइणी अल्प प्रमाणांत बाळंतपणांत वापरीत! स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ या बुरशींतील द्रव्यांवर काम करीत होते. श्वसन व रक्ताभिसरण यांस उत्तेजन देणारें कांहीं हातीं लागावें, एवढाच त्यांचा हेतु. १९३८ सालीं त्यांनीं या मालिकेंतील पंचविसावें द्रव्य बनविलें. जनावरांवर प्रयोग झाला. जनावरें जराशीं अस्वस्थ झालीं, यापलीकडे विशेष कांहीं न आढळल्यामुळें तें बाजूस पडलें.

पांच वर्षांनीं हॉफमन यांनीं तें पुन्हां तयार केलें. १६ एप्रिल १९४३ रोजीं काम करतांना त्यांस चमत्कारिक गुंगी आली व मिटल्या डोळ्यांपुढें रंगांचे खेळ दिसूं लागले. द्रव्याचा सूक्ष्म अंश अंगांत शिरला असावा असा तर्क करून त्यांनीं १९ तारखेस मुद्दाम एक चतुर्थांश मिलिग्रॅम द्रव्य पाण्यांतून घेतलें. इतक्या थोड्यानें काय होणार, अशीच त्यांची समजूत होती. तासाभरांत बोलणें कठीण झालें. युद्धकाल असल्यामुळें मोटार मिळेना, म्हणून प्रयोगशाळेंतील सहकारिणीस बरोबर घेऊन ते सायकलीवरून घरीं निघाले. घरांतील सामानसुमान अक्राळविक्राळ दिसूं लागलें. दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकिणीसारखी भासली. आपण मरत आहों किंवा कायमचे वेडे होत आहों अशी त्यांची खात्री झाली. डॉक्टर आले. त्यांस नाडी, श्वास, रक्तदाब सर्व ठीक आढळलें; फक्त डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. हळूहळू भय ओसरलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते बागेंत गेले तों सारी सृष्टि नुकतीच निर्माण झाल्यासारखी टवटवीत वाटली.

या सायकलीच्या फेरीची गोष्ट आतां पुष्कळांस माहीत झाली आहे व ती बहुधा गमतीनें सांगितली जाते. मला तिच्यांतील दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. हॉफमन यांस आपण काय घेतलें हें ठाऊक होतें, तें त्यांनीं स्वेच्छेनें घेतलें होतें, जवळ विश्वासाचें माणूस होतें, आणि डॉक्टर बोलावतां आला. इतकें असूनहि त्यांचा थरकांप झाला. यांपैकीं एकेक आधार काढून घेतला तर काय होईल, याचे प्रयोग पुढें माणसांवर झाले.

१९४७ पासून सँडोझ कंपनी हें द्रव्य 'डेलिसिड' या नांवानें संशोधकांस पुरवूं लागली. तिच्या पत्रकांत दोन उपयोग दिलेले होते: एक, मानसोपचारांत रोग्याच्या मनांत दडपलेल्या गोष्टी बाहेर काढण्यास साहाय्य, आणि दुसरा, वेड कसें असतें याचा अनुभव मानसोपचारतज्ज्ञांनीं स्वतः घ्यावा! हा दुसरा उपयोग वाचून हसूं येतें. परंतु ज्या काळीं वेड्यांच्या इस्पितळांतून रोगी जनावरांसारखे कोंडलेले असत, त्या काळीं ही सूचना मोठी दयाबुद्धीची होती, हें विसरूं नये.

असेंच एक खच्चून भरलेलें इस्पितळ कॅनडांतील सस्कॅचेवन प्रांतीं वेबर्न या गांवीं होतें. १९५१ सालीं हंफ्री ऑस्मंड नांवाचे इंग्रज डॉक्टर तेथें आले. 'सायकेडेलिक', म्हणजे ग्रीक शब्दांवरून मन प्रकट करणारें, हा शब्द पुढें त्यांनींच घडविला. त्यांनीं व एब्रॅम हॉफर यांनीं असा विचार केला कीं, अतिरेकी मद्यपीस शेवटीं जो भयंकर भ्रमाचा झटका येतो, त्याचें कृत्रिम दर्शन आधींच घडविलें तर तो घाबरून दारू सोडील. प्रयोग केला तों विपरीतच घडलें. कित्येक रोग्यांनीं दारू सोडली खरी, पण भयानें नव्हे. आपलें आयुष्य आपणांस प्रथमच दुरून, स्वच्छ दिसलें, असें ते सांगूं लागले. तेव्हां या डॉक्टरांनीं पद्धतच बदलली. रोग्याशीं आधीं बोलणें, खोली प्रसन्न ठेवणें, संगीत लावणें, जवळ जाणता मनुष्य दिवसभर बसविणें, हें सर्व उपचाराचेंच अंग ठरलें. सुमारें अर्धे रोगी सुधारल्याचे त्यांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले.

यावर टोरांटो येथील संशोधकांनीं योग्य तोच प्रश्न विचारला: तुलनेस दुसरा गट कोठें आहे? गुण औषधाचा, कीं संगीताचा, कीं डॉक्टरच्या आस्थेचा? त्यांनीं ३० मद्यपी घेऊन त्यांचे तीन गट पाडले, एकास एल. एस. डी., दुसऱ्यास निराळें उत्तेजक, तिसऱ्यास कांहींच नाहीं. बाह्य गोष्टींचा परिणाम होऊं नये म्हणून सोय अगदीं कोरडी ठेवली. रोग्यास पट्ट्यानें खाटेस बांधण्यांत येई. निष्कर्ष असा निघाला कीं, तिन्ही गटांत फरक नाहीं. वेबर्नचे लोक संतापले. बांधलेल्या माणसास हें औषध देणें म्हणजे त्यास छळणें होय, आणि ज्या परिस्थितीनें गुण येतो तीच काढून टाकून तुम्ही औषधाची परीक्षा केली, असें त्यांचें म्हणणें.

श्रोतेहो, या वादांत कोण चुकला? मला वाटतें, कोणीच पुरता चुकला नाहीं, आणि म्हणूनच तो वाद मिटला नाहीं. तुलनेवांचून पुरावा नाहीं हें टोरांटोचें म्हणणें खरें. आणि मोजण्याच्या हट्टानें मोजावयाची वस्तुच बदलली, हें वेबर्नचें म्हणणेंहि खरें. २०१२ सालीं नॉर्वेमधील दोघा संशोधकांनीं त्या काळच्या सहा तुलनात्मक प्रयोगांचे आंकडे एकत्र करून पाहिले. एकंदर ५३६ रोगी. एल. एस. डी. मिळालेल्यांत शेंकडा ५९ सुधारले, इतरांत शेंकडा ३८. एकाच मात्रेनें हा फरक पडला. मात्र वर्षभरानें तो टिकलेला दिसला नाहीं.

धोक्यांची मोजदादहि त्या काळीं एका गृहस्थानें प्रामाणिकपणें केली होती. लॉस एंजलिसचे डॉक्टर सिडनी कोहेन यांनीं १९६० सालीं इतर संशोधकांस पत्रें पाठवून सुमारें ५००० माणसांचे २५००० अनुभव गोळा केले. निरोगी स्वयंसेवकांत हजारीं एकाहूनहि कमी जणांस, म्हणजे ०.८ या प्रमाणांत, ४८ तासांहून अधिक टिकणारा भ्रम झाला. मनोरुग्णांत हें प्रमाण हजारीं १.८ होतें, आणि आत्महत्या हजारीं ०.४. योग्य देखरेखीखालीं औषध बरेंच निर्धोक आहे असें त्यांनीं लिहिलें. पण दोनच वर्षांनीं, बेफिकीर डॉक्टर व चोरटा माल वाढलेला पाहून, धोक्याची सूचना देण्यासहि तेच पुढें झाले. असा साक्षीदार विरळा.

आतां काळ्या पानांकडे वळावें लागतें. अमेरिकेच्या सी. आय. ए. या गुप्तहेर खात्यानें १९५३ सालीं एम. के. अल्ट्रा नांवाची योजना आंखली. शत्रूच्या हस्तकाकडून सत्य वदवून घेण्यास हें द्रव्य उपयोगी पडेल काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. केंटकी संस्थानांत लेक्सिंग्टन येथें व्यसनी कैद्यांवर डॉक्टर हॅरिस आयस्बेल यांनीं प्रयोग केले. कैदी बहुतांशीं कृष्णवर्णीय, आणि भाग घेण्याचें बक्षीस म्हणून त्यांस ज्याचें व्यसन तोच मादक पदार्थ मिळे. कांहींजणांस एल. एस. डी. लागोपाठ ७७ दिवस देण्यांत आली. ही संमति म्हणावयाची असेल तर त्या शब्दास अर्थ उरत नाहीं. १९ नोव्हेंबर १९५३ रोजीं फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञास त्याच्या नकळत पेयांतून हें द्रव्य पाजण्यांत आलें. २८ तारखेस तो न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकींतून खालीं पडून मेला. त्यानें उडी घेतली कीं त्यास कोणी ढकललें, याचा वाद पुढेंहि चालूच राहिला. औषधाची गोष्ट कुटुंबास कळली ती १९७५ सालीं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं क्षमा मागितली. पण योजनेचीं बहुतेक कागदपत्रें १९७३ सालींच नष्ट करण्यांत आलीं होतीं.

गुप्तहेरांनीं धोका लपविला, हें समजण्यासारखें आहे. लपविणें हाच त्यांचा धंदा. परंतु या औषधाचे भक्तहि निराळे वागले नाहींत, याचें अधिक वाईट वाटतें. मेक्सिकोंतील हुआउत्ला गांवीं मारिया साबिना नांवाची माझातेक जमातीची स्त्री पवित्र अळंब्यांच्या साहाय्यानें रोग्यांसाठीं रात्रीं जागरणें करी. १९५५ सालीं गॉर्डन वॉसन या अमेरिकन पेढीवाल्यास तिनें त्यांत बसूं दिलें. १९५७ सालीं त्यानें 'लाइफ' साप्ताहिकांत तो वृत्तांत छापला. तिचें नांव बदललें होतें, पण पाहुण्यांनीं गांव शोधून काढलेंच. लोंढे येऊं लागले, पोलीस आले, गांवकरी तिच्यावर रुष्ट झाले, आणि तिचें घर जाळण्यांत आलें. इकडे १९५८ सालीं हॉफमन यांनीं त्या अळंब्यांतून सिलोसायबिन हें द्रव्य वेगळें काढलें.

हेंच द्रव्य घेऊन हार्वर्ड विद्यापीठांत टिमोथी लिअरी यांनीं १९६० पासून प्रयोग चालविले. २० एप्रिल १९६२ रोजीं, गुड फ्रायडेस, बोस्टनच्या मार्श चॅपेलमध्यें वॉल्टर पान्के यांनीं धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांपैकीं १० जणांस तें दिलें. बहुतेकांस गाढ धार्मिक अनुभव आला असें जाहीर झालें. पंचवीसएक वर्षांनीं रिक डॉब्लिन यांनीं त्या विद्यार्थ्यांस शोधून काढलें, तेव्हां अनुभव खरा असल्याची साक्ष मिळालीच. पण एक विद्यार्थी इतका बेभान झाला होता कीं, त्यास शांत करण्याचें औषध टोचावें लागलें होतें, हेंहि उघडकीस आलें. मूळ वृत्तांतांत याचा उल्लेख नव्हता! कैद्यांवर प्रयोग करून त्यांची गुन्हेगारी घटविल्याचा लिअरी यांचा दावाहि पुढील तपासणींत टिकला नाहीं. विशेष हें कीं, डॉब्लिन स्वतः या औषधांचे कडवे पुरस्कर्ते. तरी त्यांनीं आपल्याच पक्षाच्या वह्या तपासल्या.

१९६३ सालीं लिअरी यांस हार्वर्डनें काढलें. १९६५ सालीं सँडोझनें पुरवठा बंद केला, १९७० सालीं अमेरिकन कायद्यानें व १९७१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या करारानें हीं द्रव्यें कडक बंदीखालीं आलीं. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें तीं निषिद्ध आहेत. तरुणांच्या बंडामुळें राज्यकर्ते घाबरले हें खरेंच. परंतु ज्या शास्त्रज्ञांनीं विरोध करावयाचा, त्यांचा शब्दच तोंवर स्वस्त झाला होता.

संशोधन पुन्हां सुरू झालें तें फार सावधपणें. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत रोलंड ग्रिफिथ्स यांनीं २००६ सालीं ३६ निरोगी माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आधीं कित्येक तासांची तयारी, जवळ दोन देखरेख करणारे, आणि ज्यांस किंवा ज्यांच्या निकटच्या आप्तांस वेडाचा विकार झालेला असेल त्यांस मुळींच प्रवेश नाहीं. सुमारें दोनतृतीयांश जणांनीं तो आयुष्यांतील सर्वांत अर्थपूर्ण पांच अनुभवांपैकीं एक ठरविला. आणि त्याच लेखांत, जवळजवळ एकतृतीयांश जणांस तीव्र भय वाटलें, हेंहि तितक्याच ठळकपणें नोंदविलें. २०२२ सालीं २३३ विषण्ण रोग्यांवरील प्रयोगांत २५ मिलिग्रॅम सिलोसायबिन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३७ जणांस तिसऱ्या आठवड्यांत लक्षणीय उतार पडला, तर नाममात्र १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत शेंकडा १८ जणांस. आत्महत्येचे विचार मात्र सर्वच गटांत आढळले, आणि तेहि लिहिलें गेलें. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियांत अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांस कांहीं रोग्यांसाठीं हें औषध देण्याची मुभा मिळाली.

वेबर्न व टोरांटो यांचा जुना वाद २०२४ सालीं अमेरिकेंत पुन्हां उभा राहिला. याच वर्गाच्या शेजारचें एम. डी. एम. ए. हें द्रव्य, भीषण आघातानें खचलेल्या माणसांसाठीं मंजूर करावें असा अर्ज तेथील औषध खात्यापुढें आला होता. आंकडे चांगले होते. पण आपणांस खरें औषध मिळालें कीं खोटें, हें बहुतेक रोग्यांनीं ओळखलें होतें; मग गुण औषधाचा किती व आशेचा किती, हें कसें ठरवावें? शिवाय एका रोगी स्त्रीशीं उपचारकानेंच गैरवर्तन केल्याचें प्रकरण त्या प्रयोगमालेंत घडलें होतें. जूनमध्यें सल्लागारांनीं ९ विरुद्ध २ मतांनीं औषधाचा गुण सिद्ध झाला नाहीं असें सांगितलें, आणि ऑगस्टमध्यें खात्यानें आणखी एक मोठा प्रयोग करून आणण्यास सांगून अर्ज परत केला.