बनावट पत्र आणि बारकाईचे वाचन

ब्रिटनमध्ये 29 ऑक्टोबर 1924 रोजी सार्वत्रिक निवडणूक होती. तिच्या चार दिवस आधी ‘डेली मेल’ या दैनिकाने एक पत्र छापले. कॉमिन्टर्नचा प्रमुख ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह याने ते ब्रिटिश कम्युनिस्टांना लिहिल्याचे सांगण्यात आले. त्यात बंडाची चिथावणी होती. रॅम्से मॅकडोनल्ड यांचे मजूर सरकार रशियाशी करार करू पाहत होते. साहजिकच रोख त्याच्यावर होता. निवडणुकीत हुजूर पक्षाला मोठे बहुमत मिळाले.

हे पत्र बनावट होते, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. ‘एका पत्राने सरकार घालवले’ हे विधान मात्र तपासून घ्यावे लागते. मजूर पक्षाच्या जागा 191 वरून 151 वर आल्या, तरी त्याची मते दहा लाखांहून अधिक वाढली. खरा धुव्वा उडाला तो लिबरल पक्षाचा. अफवेच्या इतिहासातही सोयीची कथा चटकन खरी वाटते.

पत्राची भाषा कॉमिन्टर्नच्या परिभाषेशी जुळणारी होती. केवळ संहिता वाचून शंका येणे कठीण. कळीचे प्रश्न संहितेबाहेरचे होते : मूळ पत्र कोठे आहे? प्रत कोणाच्या हातून आली? ती मतदानाच्या तोंडावरच का यावी? मूळ पत्र आजवर सापडलेले नाही.

संगणकाच्या पडद्यावर वाढलेल्या पिढीला हे प्रश्न पडतात का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासगटाने 3,446 शालेय विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. 2016 च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीतील गैरप्रकार म्हणून एक अस्पष्ट चित्रफीत त्यांना दाखवली. ती होती रशियातली. 52 टक्के विद्यार्थ्यांनी तिला सबळ पुरावा मानले. इंटरनेट हाताशी असूनही तिचे मूळ शोधले ते अवघ्या तिघांनी.

दोष केवळ वयाचा म्हणावा, तर त्याच विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांचा 2017 चा अभ्यास आडवा येतो. त्यात पीएच.डी. झालेले इतिहासकारही संकेतस्थळाच्या भारदस्त रूपाला भुलले. व्यावसायिक तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच सोडून, त्याच्याविषयी इतरत्र काय लिहिले आहे ते पाहत आणि मगच परत येत.

आम्हां साहित्याच्या शिक्षकांना हे अस्वस्थ करणारे आहे. संहितेत खोल शिरणे हाच सद्गुण आम्ही वर्गात शिकवत आलो. परंतु पाठचिकित्सेची परंपराही आमचीच आहे. भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती एका पोथीवर विसंबून सिद्ध झाली नाही. असंख्य पोथ्या ताडून झाली. पाठ वाचण्याआधी तो कोठून आला हे विचारायचे, ही शिस्त मोबाइलवर आलेल्या मजकुरालाही लागू पडते. 1989 पासून आपल्याकडे मतदानाचे वय 18 आहे. म्हणजे पदवीच्या वर्गात आमच्यासमोर बसतो तो बहुधा नवा मतदार असतो. ही शिस्त त्याला परीक्षेपुरती शिकवून भागणार नाही.