लघुउद्योगांचे हिशेब व अहवाल

लहान धंद्याची आर्थिक स्थिती आणि त्याच्या व्यवहारांचा समाजावर व पर्यावरणावर होणारा परिणाम यांची ठराविक काळाने केलेली लेखी मांडणी. ही मांडणी कोणासाठी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर भारतात वेळोवेळी बदलत गेले व त्यानुसार तिचे स्वरूपही बदलले.

पारंपरिक वहीखाते पद्धतीत दैनंदिन व्यवहार प्रथम रोजकीर्दीत नोंदले जात व तीवरून खतावणीत प्रत्येकाचे खाते तयार होई. दिवाळीत वहीपूजन करून नव्या वर्षाचे हिशेब सुरू होत. वही ही मालकाची खाजगी बाब मानली जाई. देणेकऱ्यास ती सहसा पाहावयास मिळत नसे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने नियमितपणे ठेवलेल्या वह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य मानल्या. परंतु केवळ त्यांच्या आधारे कोणावरही देणे लादता येणार नाही, अशी मर्यादा घातली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव होऊन शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते व वह्या जाळल्या. त्यानंतरच्या १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने कर्जव्यवहाराचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याचे काम न्यायालयांकडे सोपविले. तसेच ऋणकोस पावती व हिशेबाचे विवरण मिळण्याची तरतूद केली. हिशेब दुसऱ्या पक्षालाही दाखविला पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले.

विसाव्या शतकात प्राप्तिकरामुळे शासन हे हिशेबाचे प्रमुख वाचक बनले. १९८४ च्या वित्त अधिनियमाने वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांहून अधिक असलेल्या धंद्यांना करविषयक लेखापरीक्षण सक्तीचे केले. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली व लहान धंद्यांना उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनी उत्पन्न दाखविण्याची सवलत मिळाली. त्यामुळे लेखनाचा भार कमी झाला. मात्र धंद्याचा खरा नफा-तोटा मालकालाच न कळण्याचा धोकाही निर्माण झाला.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याने अहवालाचे बंधन उलट दिशेने घातले. सूक्ष्म व लघू पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे व थकलेली रक्कम आणि तिच्यावरील व्याज आपल्या वार्षिक हिशेबात दाखविणे लेखापरीक्षण आवश्यक असलेल्या खरेदीदारांवर बंधनकारक झाले. येथे मोठ्यांचा अहवाल लहानांच्या संरक्षणाचे साधन ठरतो.

भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) २०२१ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांसाठी धंद्याची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा अहवाल विहित केला. २०२२-२३ पासून तो सक्तीचा झाला. लघुउद्योगांवर त्याचे थेट बंधन नाही. परंतु मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून वीज, पाणी, टाकाऊ पदार्थ व कामगार यांविषयी माहिती मागू शकतात. पुरवठा साखळीची माहिती देणे सेबीने २०२५ मध्ये ऐच्छिक ठेवले. यूरोपात सूचिबद्ध नसलेल्या लहान उद्योगांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तयार झालेल्या ऐच्छिक मानकाचा हेतूही अशा मागण्यांना एकच आटोपशीर नमुना मिळावा हा होता.

वीजबिले, इंधनाच्या पावत्या व हजेरीपट यांतून लहान कारखान्यास यांपैकी बरीच माहिती उपलब्ध असते. ती संकलित करण्यास लागणारा वेळ व प्रशिक्षित लेखनिक यांची मात्र उणीव असते. प्रत्येक ग्राहकाने वेगळा तक्ता मागितल्यास हा खर्च पुरवठादारावरच पडतो. वेळेवर पैसे, स्वस्त कर्ज किंवा इंधनाची बचत यांपैकी काही लाभ मिळाला, तरच असा अहवाल त्याच्या दृष्टीने उपयुक्त ठरतो.