ओळखीच्या नावाने आलेले पत्र

आज आम्ही एका प्रेमपत्राचा इतिहास सांगणार आहोत. ते कुणी कुणाला मनापासून लिहिलेले नव्हते, तरी जगभर लाखो लोकांनी ते उघडले.

४ मे २०००, गुरुवार. फिलिपाइन्समधल्या मनिलाहून एक ई-मेल निघाली. आधी आशियातल्या कचेऱ्या उघडल्या, मग युरोपातल्या, मग अमेरिकेतल्या; तसतशी ती पुढे सरकत गेली. विषय होता ‘आय लव्ह यू’ आणि सोबत एक पत्र जोडलेले. पाठवणारी व्यक्ती ओळखीची असे: कधी साहेब, कधी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण.

ते पत्र नव्हतेच, तो एक प्रोग्रॅम होता. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘व्हीबीएस’ ही खरी ओळख होती. पण त्या काळचे विंडोज ही शेवटची अक्षरे आपणहून लपवून ठेवी. दिसे फक्त त्याआधीचे ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर. उघडणाऱ्यांना लोक भोळे म्हणाले, कुणी हसलेसुद्धा. आम्हाला ते पटत नाही. धोक्याची खूण यंत्रानेच झाकली होती, ती माणसाला कुठून दिसणार?

उघडताच संगणकातले फोटो पुसले जात, पासवर्ड चोरण्याची खटपट सुरू होई आणि पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र जाई, आता उघडणाऱ्याच्या नावाने. आदल्या वर्षी, मार्च १९९९ मध्ये, ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस असाच पसरला होता. पण तो पहिल्या ५० पत्त्यांवर थांबे. हा कुठेच थांबला नाही. ब्रिटिश संसदेला आपली ई-मेल बंद ठेवावी लागली.

तपास मनिलातल्या ओनेल दे गुझमान या संगणकाच्या विद्यार्थ्यापर्यंत गेला. तेव्हा इंटरनेट महाग होते. दुसऱ्यांचे पासवर्ड मिळवून ते फुकट कसे वापरता येईल, असा प्रबंधाचा विषय त्याने मांडला होता आणि कॉलेजने तो नाकारला होता. त्याच्यावरचे आरोप ऑगस्टमध्ये मागे घ्यावे लागले, कारण अशा कृत्यासाठी त्या देशात कायदाच नव्हता. तो जूनमध्ये झाला, पण मागच्या कृत्याला लावता येईना. पुढे २०२० मध्ये त्याने एका ब्रिटिश पत्रकाराजवळ कबुली दिली.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला. दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणाऱ्याकडून भरपाई मागण्याची सोय त्याच्या कलम ४३ मध्ये आहे.

ई-मेलची ती वाट पुढे बरीच बंद झाली. मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये अशा फाइली अडवायला सुरुवात केली. मग फसवणूक मोबाइलवर आली. आता व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, तीही वहिनीच्या नाहीतर मामेबहिणीच्या नंबरवरून. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नसून ॲप आहे. खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ म्हणून येते. अशी फाइल आली तर वहिनीला आधी फोन लावा. तिचाच मोबाइल कुणाच्या ताब्यात गेला असेल आणि तिला पत्ताही नसेल. चुकून ॲप बसले तर मोबाइलचे इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. फोन जितक्या लवकर होईल, तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.